सावत्र पालकासाठीची दत्तक सेवा, नागपूर: सही असेल तर चार तारे, हरकत असेल तर एक

पत्नीच्या आधीच्या लग्नातलं मूल किंवा पतीची पहिल्या लग्नातली मुलगी कायद्याने आपली करून घ्यायची असेल, तर त्यासाठी सरकारी सेवा आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे कारा, यांच्या पोर्टलवर दोघांनी मिळून नोंदणी करायची, पुढे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून कागद तपासून घ्यायचे आणि शेवटी आदेश मिळवायचा. जन्मदाते वडील हयात नसतील किंवा त्यांनी राजीखुशीने सही दिली असेल, तर या सेवेला पाचपैकी चार तारे सहज द्यावेत. ते नाही म्हणत असतील तर एकच, आणि तोही मुलाला स्वतःचं म्हणणं मांडायची जागा ठेवली आहे म्हणून.

हा एक तारा टेबलापलीकडच्या कारकुनामुळे मिळालेला नाही. नियमच तसा लिहिलेला आहे. दत्तक नियमावली २०२२ मध्ये सावत्र पालकाच्या अर्जाला जन्मदात्या पालकाचं संमतीपत्र जोडावं लागतं. ते नसेल तर काय करायचं, संमती कोणी अन्यायाने अडवली तर ती बाजूला कशी ठेवायची, याचा रस्ता त्या नियमात नाही. शिवाय मुलाच्या ताब्याचा वाद कोर्टात चालू असेल, तर तो निकाली निघेपर्यंत दत्तकाची प्रक्रिया सुरूच करता येत नाही, असंही स्पष्ट लिहिलं आहे. हरकत घेणाऱ्या पालकाचा ताब्याचा अर्ज अनेकदा आधीपासून कौटुंबिक न्यायालयात पडलेला असतो. तेवढ्याने पोर्टलवरची गाडी जागच्या जागी थांबते.

इथे वडिलांचं उदाहरण घेतलं आहे, कारण सावत्र वडीलच जास्त वेळा अर्ज करतात. वडिलांनी दुसरं लग्न केलं, नव्या आईला मूल दत्तक घ्यायचं आहे आणि जन्मदाती आई नाही म्हणते, तरी सगळं हेच लागू.

आधी सेवेची चांगली बाजू. एरवी दत्तक घेणाऱ्या जोडप्याला लग्नाची किमान दोन वर्षं दाखवावी लागतात. सावत्र पालकाला ही अट नाही, वयाची मर्यादाही नाही. घरात आधीच दोन मुलं असली तरी अडत नाही. धर्माची आडकाठी नाही, त्यामुळे मोमिनपुऱ्यातल्या मुस्लिम कुटुंबाला किंवा ख्रिस्ती कुटुंबाला हाच कायद्याचा मार्ग खुला आहे. कागदही मोजके: राहण्याचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, दोघांचा विवाह नोंदणी दाखला, आधीच्या घटस्फोटाचा निकाल किंवा मृत्यू दाखला, ताब्याचा आदेश, फोटो आणि संमतीपत्र. पाच वर्षांवरच्या मुलाला विचारलं जातं. बाल न्याय कायद्याच्या कलम ६१ मध्ये दोन गोष्टी पक्क्या आहेत: सुनावणी बंद दाराआड व्हावी आणि प्रकरण दोन महिन्यांत निकाली निघावं.

आदेश कोण देतं, हे मात्र अर्ज भरण्याआधी विचारून घ्या. २०२१ च्या दुरुस्तीने, १ सप्टेंबर २०२२ पासून, हे काम कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रलंबित प्रकरणं जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्ग करण्याला अंतरिम स्थगिती दिली. नागपूर त्याच उच्च न्यायालयाच्या हद्दीत येतं. म्हणून बाल संरक्षण कक्षात पहिला प्रश्न हाच टाका: "सावत्र पालकाचं प्रकरण सध्या कुठे दाखल करून घेता?" उत्तर मिळाल्याशिवाय वकिलाला फी देऊ नका. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश असेल, तर त्यावर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. आपल्याकडे ते कार्यालय सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या सचिवालयात आहे. हा दरवाजा हरकत घेणाऱ्या वडिलांनाही उघडा असतो. त्यांना अंधारात ठेवून आदेश मिळवला असेल, तर तो तिथे टिकणं अवघड.

पोर्टल नको, घरच्या घरी दत्तकविधान करून दस्त नोंदवू, असा सल्ला बऱ्याच घरांत मिळतो. तो रस्ता खरा आहे, हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ चा. मूल प्रत्यक्ष देणं-घेणं, दुय्यम निबंधकाकडे दस्त, दोन साक्षीदार. दत्तहोम, म्हणजे दत्तकाचा होमविधी, आवश्यक नाही. पण हरकत असेल तर तोही तिथेच अडकतो, उलट जास्त घट्ट. कलम ९ म्हणतं की आई किंवा वडील, दोघांनाही मूल देण्याचा सारखा हक्क आहे, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय नाही. अपवाद फक्त तीन: दुसऱ्या पालकाने पूर्णपणे आणि कायमचा संसारत्याग केला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा सक्षम न्यायालयाने त्याला विकल मनाचा, म्हणजे मानसिकदृष्ट्या अक्षम, ठरवलं असेल. या यादीत काय नाही ते नीट वाचा. पोटगी न देणं त्यात नाही. सहा वर्षं तोंड न दाखवणं नाही. दारू नाही, दुसरं लग्न नाही, तुरुंगवाससुद्धा नाही. "पण त्यांनी तर मुलाला टाकलंय" हे वाक्य ताब्याच्या खटल्यात वजनदार ठरतं. दत्तकाच्या संमतीपुढे त्याचा उपयोग होत नाही.

नागपुरात आणखी एक गैरसमज भेटतो. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, म्हणजे ते "हिंदू राहिले नाहीत", म्हणजे त्यांची संमती नको, असं कुणीतरी सांगतं. हे चूक आहे. या कायद्याच्या कलम २ नुसार बौद्ध, जैन आणि शीख त्याच कायद्याखाली येतात आणि "हिंदू" या शब्दात तेही धरले जातात. दीक्षाभूमीच्या शहरात या चुकीवर उभा केलेला दस्त पहिल्याच हरकतीत कोसळेल.

१९५६ च्या कायद्यात वयाचे आणि नात्याचेही खिळे आहेत. मूल १५ वर्षांच्या आतलं हवं, रूढी सिद्ध केल्याशिवाय त्यात सूट नाही. सावत्र वडिलांना स्वतःचा मुलगा असेल, तर ते पत्नीचा मुलगा या कायद्याने दत्तक घेऊ शकत नाहीत. मुलगी दत्तक घेताना वडील तिच्यापेक्षा किमान २१ वर्षांनी मोठे हवेत. काराच्या वाटेने हे तिन्ही अडसर येत नाहीत, तिथे १८ वर्षांपर्यंत वेळ असतो. म्हणून मूल तेरा-चौदाचं असेल आणि वडील टोलवाटोलवी करत असतील, तर दस्ताच्या भरवशावर बसू नका. पंधरावा वाढदिवस उलटला की ती खिडकी बंद होते.

मग हरकत असताना करायचं काय? आमच्या मते या सेवेचं खरं परीक्षण इथेच होतं. कारण नागपुरात लागणारी जवळपास सगळी कार्यालयं सिव्हिल लाइन्समध्ये आहेत, पण ती चुकीच्या क्रमाने गाठली की वर्षं जातात.

पहिलं दार पोर्टलचं नाही, विधी सेवेचं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयात आहे, म्हणजे ज्याला सगळे न्यायमंदिर म्हणतात तिथे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला आणि मुलाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. हे आईला अनेकदा माहीतच नसतं. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १५१००. या सेवेला पूर्ण पाच तारे, कारण पुढचं सगळं आईच्या नावाने चालवायचं आहे. जाताना एक साधी फाईल करून न्या: घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत, पोटगीचा आदेश, पोटगी कधी आली आणि कधी बुडाली याचं बँकेच्या उताऱ्यासकट महिनावार पत्रक, शाळेच्या पालकसभेच्या नोंदी, दवाखान्याच्या फायली, भेटी ठरल्या पण झाल्या नाहीत त्यांच्या तारखा, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश मूळ फोनसकट. प्रिंट काढून फोन विकून टाकला, तर पुराव्याच्या वेळी अडचण होते.

दुसरं दार कौटुंबिक न्यायालय. मुलाचा ताबा आधीच्या निकालात स्पष्ट लिहिलेला नसेल, तर आईने पालक व पाल्य अधिनियम १८९० खाली अर्ज करून तो पक्का करून घ्यावा. इथे एक बारकावा आहे. सावत्र वडील स्वतः पालक नेमून मागायला गेले, तर कलम १९ आडवं येतं: आई किंवा वडील हयात असून कोर्टाच्या मते अपात्र नसतील, तर कोर्ट दुसरा पालक नेमत नाही. सावत्र वडिलांचं जन्मदात्याशी थेट भांडण उभं केलं, तर कोर्टाला दोन पुरुषांमधली ओढाताण दिसते. आईने अर्ज केला, तर मुलाचं हित दिसतं, आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे निकाल हितावरच व्हायचा असतो. निकालानंतर उच्च न्यायालयात अपिलाचे ३० दिवस जाऊ द्या, मग नक्कल विभागातून प्रमाणित प्रती काढा. किमान चार घ्या, कारण शाळा, पासपोर्ट, बाल संरक्षण कक्ष आणि घर, सगळीकडे एक लागतेच.

वडिलांचा पत्ताच नसेल, तर शेवटच्या माहीत पत्त्यावर समन्स, ते परत आलं तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, मग एकतर्फी निकाल. हा रीतसर मार्ग आहे. पण त्या एकतर्फी निकालाने ताबा मिळतो, दत्तकाची संमती मिळत नाही. नोटीस छापून आली आणि वडील गप्प राहिले, म्हणजे त्यांनी होकार दिला असं धरता येत नाही. सात वर्षं त्यांची कुणालाच, म्हणजे ज्यांना कळायला हवं होतं त्यांनाही, काही खबर नसेल, तर मृत्यूचं अनुमान धरून दिवाणी न्यायालयातून तसं जाहीर करून घेता येतं. त्यासाठी पोलिसांतली हरवल्याची तक्रार आणि तिची तारीख जपून ठेवा. पत्ता माहीत असताना "माहीत नाही" असं प्रतिज्ञापत्र करणं हा गुन्हा आहे. वर्षभराने वडील हजर झाले की तो उघडा पडतो आणि आईची विश्वासार्हता जाते.

तिसरं दार मध्यस्थीचं, आणि ते याच कौटुंबिक न्यायालयात आहे. हरकतीची जी प्रकरणं खरोखर सुटतात, त्यातली बहुतेक इथेच सुटतात असं आमचं मत आहे, म्हणून यालाही चार तारे. यात कामाची गोष्ट एवढीच की हरकतीमागचं कारण वेगळं काढायचं. काही वडिलांना आपलं नाव पुसलं जाईल याची धास्ती असते. काहींना आजीआजोबांचा नातवाशी संबंध तुटेल याचा घोर असतो. काहींना शेतीच्या वाटणीचा प्रश्न असतो. काहींना फक्त पहिल्या बायकोला हो म्हणायचं नसतं. पहिल्या दोघांशी बोलता येतं. समुपदेशकासमोर त्यांना हे स्पष्ट सांगावं की दत्तकानंतर कायद्याने त्यांचं नातं संपतं, भेटीचा तोंडी शब्द कोर्टातून वसूल करता येत नाही. हे लपवून घेतलेली सही पुढे फसवणुकीच्या आरोपाने परत येते. आजीआजोबांची संमती मात्र कायद्याला लागत नाही. ते गावाहून वकिलाची नोटीस पाठवतात तेव्हा घाबरायचं कारण नाही.

पोटगीच्या थकबाकीवर सौदा करू नका. "थकलेले सगळे पैसे सोडते, तू सही कर" हे वाक्य अगदी नैसर्गिकपणे तोंडी येतं. पण १९५६ च्या कायद्याचं कलम १७ दत्तकाच्या मोबदल्यात पैसे किंवा बक्षीस घेणं-देणं बंद करतं, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. माफ केलेली थकबाकी हा मोबदलाच दिसतो. शिवाय तो पैसा मुलाचा आहे. दत्तकानंतर पुढची पोटगी बंद होते हे खरं, आणि काही वडील नेमके त्यासाठीच अचानक राजी होतात. त्यांची सही घ्या, पण जुनी वसुली वेगळ्या अर्जावर चालू राहू द्या. दोन्ही एका कागदावर आणू नका.

संमतीपत्राचा मजकूरही बघा. परस्पर संमतीच्या घटस्फोटात "मुलाचा ताबा आईकडे राहील, माझी हरकत नाही" असं एक वाक्य असतं. त्याला दत्तकाची संमती समजून अर्ज केला की तो परत येतो. ताबा देणं आणि मूल दत्तक देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. संमतीपत्रात मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, दत्तक घेणाऱ्याचं नाव, नातं संपेल याची जाणीव आणि साक्षीदार असावेत. घटस्फोटाच्या वेळी "भविष्यात कोणीही दत्तक घेतलं तरी चालेल" असं आगाऊ लिहून घेतलेलं असेल, तरी नवी सही घ्याच.

सर्वांत धोकादायक सल्ला असा असतो: निराधार मुलांचं काम पाहणाऱ्या बाल कल्याण समितीसमोर मूल न्या, सोडून दिलेलं दाखवा, मग दत्तक घ्या. आईच्या कुशीत वाढणारं मूल सोडून दिलेलं नसतं. तसं खोटं दाखवलं तर मूल संस्थेत जाऊ शकतं. असा रस्ता सुचवणाऱ्या माणसाच्या दारातून परत फिरा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट करण्याची वाटही काही जण सांगतात. वडिलांवर त्याच मुलाविरुद्धचा गंभीर गुन्हा सिद्ध झालेला असेल, अशा टोकाच्या परिस्थितीत तिचा विचार करावा. एरवी कलम ९ ची भाषा इतकी सरळ आहे की तिथे पैसे आणि वर्षं दोन्ही खर्च होतात.

संमती मिळतच नसेल, तर दत्तकाशिवाय किती मिळवता येतं हे पाहावं. घरातल्या मुलाला उद्याची सुरक्षितता हवी असते, ती आदेशाची वाट पाहत थांबवू नये. सावत्र वडील कायद्याने नैसर्गिक पालक नाहीत, पालकत्व अधिनियमात ते शब्दांत लिहिलं आहे. हिंदू वारसा कायद्यात सावत्र मूल त्यांचं पहिल्या वर्गातलं वारस नाही. म्हणून त्यांनी इच्छापत्र करावं, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी, मुलाचं नाव नातं लिहून स्पष्ट. विमा आणि बँकेत नामनिर्देशन करावं, पण नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, इच्छापत्र हवंच. पासपोर्टसाठी एका पालकाची संमती नसेल, तर परिशिष्ट क हा जाहीरनामा आहे, तो ताब्याच्या निकालासोबत लावावा. शाळेत आणि दवाखान्यात आईने सावत्र वडिलांना लेखी अधिकारपत्र द्यावं, तातडीच्या वेळी सही कोण करणार हा प्रश्न मिटतो.

आडनाव राजपत्रात बदलून घेतलं की झालं, असंही नाही. राजपत्राने नाव बदलतं, वडील बदलत नाहीत. वडील हयात नसताना आडनाव ठरवण्याचा आणि मूल दत्तक देण्याचाही आईचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये, अकेल्ला ललिता प्रकरणात, मान्य केला. तो निकाल घेऊन हयात वडिलांच्या हरकतीवर जाऊ नका, परिस्थिती वेगळी आहे. ज्या घरात वडील वारले आहेत, तिथे मात्र हा निकाल फाईलच्या वर ठेवावा.

जात पडताळणीचा विचार आजच करा. अकरावी-बारावीला दाखला काढताना वडिलांकडची वंशावळ, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असं काही ना काही मागितलं जातं. नातं पूर्ण बिघडण्याआधी, मध्यस्थीच्या टेबलावरच, या कागदांच्या प्रती मागून घ्या. भांडण चिघळलं की हाच कागद ओलीस धरला जातो. शेतीचंही तसंच. दत्तकाने मुलाचा जन्मघरच्या वारशाचा हक्क जातो, पण आधीच त्याच्या नावे झालेली मालमत्ता त्याच्याकडेच राहते. म्हणून सही होण्यापूर्वी सातबारा आणि फेरफार काढून पाहा. वाटणी होऊन मुलाचा हिस्सा नावावर असेल, तर तो सुरक्षित आहे. एकत्र कुटुंबाची वाटणी झालेली नसेल, तर दिवाणी वकिलाचा वेगळा सल्ला घ्या, दत्तकाच्या वकिलाकडूनच तो उरकू नका. आणि वैध दत्तक एकदा झालं की रद्द करता येत नाही, हे दोन्ही घरांनी शांतपणे ऐकलेलं असावं.

आदेश हाती आल्यावर त्याची प्रमाणित प्रत पोर्टलवर चढवा आणि जन्मदाखल्यासाठी जिथे जन्म नोंदला गेला तिथल्या निबंधकाकडे जा. जन्म नागपूर महापालिकेच्या हद्दीत झाला असेल, तर त्या झोनमध्ये. सध्याचा राहता झोन धरमपेठ आणि जन्माची नोंद लकडगंजची, अशा प्रकरणात लोक चुकीच्या रांगेत अर्धा दिवस घालवतात. जन्मदाखला आधी, मग आधार, मग शाळेचं जनरल रजिस्टर, या क्रमाने गेलात तर प्रत्येक ठिकाणी आधीचाच कागद पुरावा म्हणून चालतो. शाळेपासून सुरुवात केली, तर मुख्याध्यापक जन्मदाखला मागून परत पाठवतील.